दौंडात थरथरते, नीरेत नाही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आबांचं नाव घेतो. आई-वडिलांचं नाव आधी यायला हवं, हे मला कळतं. पण त्यांनी मला वाढवलं, कऱ्हाटीहून बारामतीला इंजिनिअरिंगला पाठवलं, आणि तिथून पुढं काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. पुढचं आबांनी बघितलं. आबा म्हणजे माझे बारामतीचे घरमालक.

गल्लीत त्यांना 'दौंडवाले आबा' म्हणत. त्यांचं गाव पणदरे. दौंडला ते आयुष्यात एकदाच गेले होते, तेही झोप लागल्यामुळं उतरायचं राहून. हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या मोटारीमुळं. तिच्याकडं मी येतोच.

आबा साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त होताना त्यांनी बाकी सगळं परत केलं, फक्त लाकडी मुठीचा एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर स्वतःचा होता, तो घरी आणला. त्याचं टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानाला. मग डोळे मिटून ऐकायचं. फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटार, शेजाऱ्यांचा कूलर, कशालाही ते कान लावत. फ्रीज ऐकून एकदा म्हणाले, "हा आठ दिवसांचा सोबती हाय." त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, घाबरून सगळं दूध आटवून ठेवलं. तो फ्रीज अजून चालू आहे.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या छातीला लावला, मूठ कानाला लावली. मी श्वास रोखून उभा.

"आवाज बरा हाय," ते म्हणाले. "जरा जलद चालतंय, पण बसंल. सामान आण."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, पोरगं पळून जाईल!"

"पळालं तर कळंल, चालू हाय म्हणून."

आबांचा एकच नियम होता. काही बिघडलं की आधी 'कुठं' ते सांगायचं. 'का' ते सांगायचं नाही. 'का' सांगितलेलं त्यांना मुळीच खपत नसे. मी एकदा धावत खाली जाऊन म्हणालो, "आबा, वर पाणी येत नाही, मोटार जळली वाटतं."

"मोटार जळली का न्हाय ते तुला कुणी इचारलं? कुठं येत न्हाय?"

"वर."

"वर कुठं? मोरीत का खोलीत?"

"मोरीत."

"खोलीत येतंय?"

मी जाऊन बघितलं. खोलीतल्या नळाला पाणी होतं. मोरीचा कॉक मीच बंद केला होता, सकाळी, साबण डोळ्यांत गेला तेव्हा.

काकूंनाही यातून सुटका नव्हती. "पोट दुखतंय," असं त्या म्हणाल्या की आबा विचारत, "कुठं?"

"अहो, पोटात!"

"पोट काय एवढुसं हाय का? कुठं?"

काकू त्यानंतर पोट दुखलं तरी शेजारणीला सांगत.

आता मोटारीकडं येतो. आबांचा डावा गुडघा वाकत नव्हता. ते स्कूटरवरून पडले होते. स्कूटर स्टँडवर होती. "चालत्या गाडीवरनं कुणीबी पडतं," असं ते जरा अभिमानानं सांगत. गुडघा गेल्यामुळं क्लच दाबणं बंद झालं. काकूंना मात्र दर आठवड्याला इंदापूरला लेकीकडं जायचं असे, आणि आयुष्यभर कारखान्याच्या पाळ्या केल्या, बायकोला कुठं नेलं नाही, ही गोष्ट आबांना लागून राहिली होती. म्हणून त्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. चंदेरी रंगाची. त्या मॉडेलचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. क्लचच नाही, डाव्या पायाला सुट्टी.

गिअरच्या दांड्याशेजारी इंग्रजी अक्षरं होती: पी, आर, एन, डी आणि सगळ्यात खाली एल. ती लक्षात ठेवायला आबांनी स्वतःची सोय केली. पी म्हणजे पणदरे, "गाडी थांबायची ती आपल्या गावात." आर म्हणजे राशीन, "तिकडं मला कधी काम नसतं, म्हणून मागं." एन म्हणजे नीरा, "नदी हाय. सोडून द्यायचं, ओढायचं न्हाय." डी म्हणजे दौंड, "दौंडात पोचलं की पुढं सगळी दुनिया." आणि एल म्हणजे लासुर्णे. चढावर हळू जाण्यासाठी.

हे इतकं चोख होतं की वर्षभरात मीही तसंच बोलू लागलो. तिथंच पुढं घोटाळा झाला.

पहिल्याच फेरीला काकू नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर लेकीच्या नव्या घरासाठी घेतलेला सहा कपबश्यांचा संच. बारामतीतल्याच भिगवण चौकात पुढं उसाची ट्रॉली अडकली. आबांनी ब्रेक दाबून गाडी दौंडातच ठेवली. आणि गाडी थरथरायला लागली. साधीसुधी नव्हे. आरसा थरथरला, काच थरथरली, काकूंच्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या. दहा मिनिटांनी ट्रॉली हलली तेव्हा दोन कपांचे कान तुटलेले होते.

काकू चौकातच उतरल्या. "माझ्या हाडांचा खुळखुळा झाला. ही थरथर जाईस्तोवर मी या गाडीत बसायची न्हाय." उरलेले चार कप घेऊन त्या स्टँडवर गेल्या आणि इंदापूरची एस.टी. पकडली. (अपुरा संच लेकीनं ठेवून घेतला नाही, तो पुन्हा घरी आला.)

आबा परत आले नाहीत. ते एस.टी.च्या मागं गेले.

तेव्हापासून दर आठवड्याला हेच. काकू एस.टी.त, मागं आबा रिकाम्या गाडीत. एका सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. सणसरला एस.टी. थांबली की आम्ही थांबायचो. ती निघाली की आम्ही निघायचो. वाटेत लासुर्णे आलं की आबा मुद्दाम दांडा एलवर टाकत. सपाट रस्ता. मी विचारलं, "आबा, चढ कुठंय?"

"चढ कशाला पायजे? गावाचा मान असतो."

निमगाव केतकीला काकूंनी एस.टी.च्या मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गोळी घेतली का?"

"घेतो!" आबा ओरडले.

"आत्ता घ्या! मी बघती!"

आबांनी गोळी घेतली. कंडक्टर खाली उतरून आमच्या खिडकीशी आला. "आबा, एवढं मागनं येताय, त्यापरीस तिकीट काढा की. मावशींच्या शेजारची जागा रिकामी हाय."

आबा हसले नाहीत. त्यांनी समोर बघितलं. "ती माझ्या शेजारी बसायची हाय," ते म्हणाले. "मी तिच्या शेजारी न्हाय." मग जरा वेळानं, "गाडी त्यासाठी घेतलीय."

गाडीत तेव्हाही सगळं थरथरत होतं. मला वाटतं, त्या दिवसापासून ही थरथर माझीही झाली.

शिवाय काकूंनी मलाही सोडलं नव्हतं. "तू इंजिनिअर होतोस ना रं? चार वर्षं शिकून हितली थरथर घावंना, तर कंपनीत तुला कोण घ्यायचं?" हे खरंच होतं. शेवटचं वर्ष चालू होतं आणि तीन कंपन्यांच्या मुलाखतींत मी नापास झालो होतो. प्रश्न विचारला की मी पाठ केलेली सगळी कारणं एका दमात म्हणून टाकायचो. शेवटच्या कारणापर्यंत पोचेतो पहिलं मला आठवत नसे.

गाडीचंही तेच झालं. मी म्हणालो, प्लग. प्लग बदलले, थरथर तशीच. मी म्हणालो, हवेचा मार्ग घाण झाला असेल. इंदापूर नाक्यावरच्या मिस्त्रींनी तो साफ केला, थरथर तशीच. मी म्हणालो, इंजिनाचा उभ्या गाडीतला वेग कमी असेल. आबांनी मला हातानं थांबवलं.

"तू पुस्तक वाचून दाखवतोयस. गाडीकडं बघ की."

शेवटी आबांनी, डॉक्टर जिथं गाडी दाखवायचे, त्या पुण्याच्या गॅरेजला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"गाडी दौंडात थरथरती, नीरेत थरथरत न्हाय," आबा म्हणाले.

पलीकडचा विचार करून म्हणाला, "दौंडचा रस्ता कसाय?"

"रस्त्याचा काय संबंध? गाडी उभी हाय."

"दौंडात?"

"घरापुढं. बारामतीत."

"मग दौंडात कोण थरथरतंय?"

"गाडीच की! आता पणदऱ्यात हाय, म्हणून गप हाय."

"काका, तुमच्याकडं गाड्या किती आहेत?"

"एकच."

मग तो अगदी मायेनं म्हणाला, "काका, नीरेत चांगली चालते ना? मग दौंडला नेऊच नका."

फोन ठेवून आबांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि म्हणाले, "पुण्याला दुरुस्त झाली असती तर डॉक्टरानं इकली नसती. आपणच बघू."

तो रविवार मी विसरणार नाही. चाकांखाली विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडलं. बेत असा: एकानं आत बसून ब्रेक घट्ट दाबायचा आणि दांडा हलवायचा. बाकीच्यांनी बाजूला उभं राहून इंजिन कुठं हलतं ते बघायचं. बघायला आबा हवेत, टॉर्च धरायला मी. आत कोण?

आबांनी काकूंकडं बघितलं.

"मी बसायची न्हाय म्हणून सांगितलंय."

"बसू नको. नुसता ब्रेक दाब."

काकू पदर खोचून चालकाच्या जागेवर टेकल्या. "बसले न्हाय हां. टेकलेय."

"नीरा!" आबा ओरडले. इंजिन शांत.

"दौंड!" गाडी थरथरली.

"राशीन!" काकूंनी दांडा वर नेला.

"पुन्हा दौंड! दौंड! अगं, दौंड!"

आमची गल्ली एस.टी. स्टँडच्या मागच्या बाजूला. पाचव्या 'दौंड'ला धोतर-टोपीतले एक म्हातारबाबा हातात दुधाची किटली घेऊन लगबगीनं आले, मागचं दार उघडलं आणि आत बसले. आम्ही दोघं इंजिनात वाकलेलो, काकूंचं लक्ष दांड्याकडं, आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"दौंडला किती शिटा झाल्या?" त्यांनी विचारलं.

काकू दचकून मागं वळल्या. "अगं बाई! ही वडाप न्हाय!"

"मग ते बाबा ओरडत्यात कशाला? आन् गाडी बाई चालवती व्हय? चालवा, चालवा. माझी हरकत न्हाय."

"तात्या, उतरा," मी म्हणालो. पण आबा डोळे मिटून उभे होते. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला. त्यांना इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"दौंड!"

किटलीचं झाकण खडखड वाजायला लागलं. म्हातारबाबांनी ते हातानं दाबून धरलं.

"राशीन!"

झाकण गप.

"दौंड!"

खडखड.

"ह्ये बघा," म्हातारबाबा वैतागून म्हणाले, "दौंडला नुसता खुळखुळा हाय. राशीनला निवांत हाय. मला मेव्हण्याकडं जायचंय, पण आसंच आसंल तर मी आपला राशीनला जातो."

आणि त्या क्षणी मला दिसलं. कारण नाही. जागा दिसली.

मी म्हणालो, "आबा, राशीनात थरथरत नाही."

आबांनी डोळे उघडले. "म्हंजी?"

"इंजिन तेच. ब्रेक तोच. जोर दौंडातही लागतो आणि राशीनातही लागतो. इंजिनातच दोष असता तर दोन्हीकडं थरथरलं असतं. फक्त दौंडात इंजिन मागं कलतं, काकूंकडं, आणि राशीनात पुढं. म्हणजे दोष मागं आहे. इंजिन ज्या रबरावर टेकतं, त्यातलं मागचं."

आबांनी चावी काढून मला एक पोतं दिलं. गुडघ्यामुळं त्यांना वाकता येत नव्हतं. मी पोत्यावर आडवा होऊन टॉर्च घेऊन खाली सरकलो. मागच्या माउंटिंगचं रबर शिळ्या भाकरीसारखं तडकलं होतं. लोखंड लोखंडावर टेकलं होतं.

"कुठं?" वरून आवाज आला.

"मागं, आबा. मधोमध फाटलंय."

"का?"

तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'का' विचारलं. मी गाडीखाली होतो म्हणून बरं, माझे डोळे त्यांना दिसले नाहीत.

"म्हातारं झालंय, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "मग त्याची चूक न्हाय."

म्हातारबाबांना काकूंनी चहा दिला, कान तुटलेल्या कपातून, आणि स्टँडवर नेऊन खऱ्या दौंडच्या गाडीत बसवून दिलं.

पण गोष्ट तिथंच अडली. मॉडेल बंद. बारामतीत माउंटिंग नाही, इंदापुरात नाही. मिस्त्रींनी सायकलच्या टायरचं रबर कापून बसवून बघितलं, तर गाडी राशीनातही थरथरायला लागली. काकू पुन्हा एस.टी.त, आबा पुन्हा मागं. पुढच्या महिन्यात परीक्षा संपली आणि पुण्याच्या एका कंपनीत माझी चौथी मुलाखत ठरली. निघताना आबांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या गुडघ्याला लावला.

"थरथरतोय," ते म्हणाले. "उभा हायस तवर थरथरणार. चालाय लागलास की बरं वाटंल. आन् काय झालं ते मोबाईलवर कळवू नको. कागदावर कळव. गाडीच्या खणात ठेवता येतं."

त्या खणात गाडीचे कागद, त्यांच्या लग्नाचा फोटो, काकूंच्या गोळ्यांची यादी आणि माझ्या पहिल्या वर्षाच्या मार्कलिस्टची झेरॉक्स असे.

मुलाखतीनंतर मी पुण्यातच राहिलो, आणि महिनाभरानं कागदावर कळवलं. पत्रासोबत एक पार्सलही पाठवलं. उत्तर आलं ते पंधरा दिवसांनी, इंदापूरच्या ताईंच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या मोबाईलवरून. शब्द नव्हते, गाडीच्या मागच्या सीटवरून काढलेला एक फोटो होता. पुढच्या सीटवर काकू, मांडीवर चार कपबश्या, चेहरा पेपर तपासणाऱ्या बाईंसारखा. शेजारी आबा, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ. आणि समोरच्या काचेत, अगदी जवळ, एस.टी.ची पाठ.

खाली ताईंनी नंतर एक ओळ टाकली: "सणसरपासून हिच्याच मागं आहोत. ती थांबली की थांबतात. ऐकत नाहीत. आत्ता लासुर्णे आलं, दांडा एलवर आहे."

पत्र अजून त्या खणात आहे. गेल्या दिवाळीला काकूंनी काढून दाखवलं, तेव्हा मी ते उतरवून घेतलं. ते असं:

आदरणीय आबा यांस,

सविनय नमस्कार. वि. वि. पत्रास कारण की, मला नोकरी लागली.

आता कुठं ते सांगतो. पुण्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. तपासणी विभागात.

मुलाखतीला तिघं होते, दोन साहेब आणि एक मॅडम. मधल्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं की, जुनी ऑटोमॅटिक गाडी उभी असताना थरथरते, तर तू आधी काय तपासशील? माझ्या तोंडात 'प्लग' आला होता. तेवढ्यात तुमचा आवाज ऐकू आला आणि मी थांबलो. मग इंग्रजीतच म्हणालो, "सर, आधी मी तिला दौंडात बघेन. मग नीरेत."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मॅडमनी विचारलं, "दौंडच का?" मी म्हणालो, "कारण नीरेत ती बरी असते." मग माझ्या लक्षात आलं मी काय बोललो ते. टेबलाखाली गुडघा असा थरथरत होता की त्यांच्या पाण्याच्या ग्लासात लाटा आल्या. मी उठून उभा राहिलो, फळ्यापाशी चालत गेलो, आणि तुम्ही म्हणाला होतात तसं चालल्यावर बरं वाटलं. मी पाचही गावं फळ्यावर लिहिली. दुसरे साहेब तोवर बोलले नव्हते. ते मराठीत म्हणाले, "आणि राशीनात काय होतं?" आबा, ते भिगवणचे निघाले.

मग मी सगळं सांगितलं. कोणतं उपकरण वापरलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, किटलीचं झाकण. मधले साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

सोबतच्या पार्सलमध्ये मागचं माउंटिंग आहे. इथल्या जुन्या भागांच्या बाजारात चार रविवार फिरल्यावर मिळालं. नवीन आहे, दुकानदाराकडं बरीच वर्षं पडून होतं. मी रबर दाबून, वाकवून बघितलं आहे, कुठंही तडा नाही. नाक्यावरच्या मिस्त्रींकडून बसवून घ्या. सायकलचं रबर आधी काढायला सांगा.

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, ते चार कप मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसा आणि भिगवण चौकात गाडी दौंडात उभी करायला लावा. एकही कप वाजला तर मला कळवा, मी स्वतःला इंजिनिअर म्हणवणार नाही.

आई-वडिलांना कऱ्हाटीला मी फोन केला आहे. वडिलांनी विचारलं, कोणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, दौंडचे का?

आपला आज्ञाधारक,
वरच्या खोलीतला

ता. क. आबा, आता एस.टी.च्या मागून जायची गरज नाही.